माशीचं पुल्लिंग

आपल्या भाषेत मुंगीला मुंगळा आहे, मांजरीला बोका आहे, म्हशीला रेडा आहे. माशीला मात्र कोणी नाही. माशी नर असो की मादी, 'ती' आली, 'ती' बसली, 'तिला' हाकल. जगातल्या निम्म्या माश्यांवर हा सरळसरळ अन्याय आहे. पण ज्यांनी व्याकरणं लिहिली त्यांना माश्या फक्त हाकलायच्या होत्या. मामांना त्यांच्यातले नर आणि माद्या निवडायच्या होत्या, आणि तेही पोटापाण्यासाठी, त्यामुळे हा प्रश्न त्यांना नोकरीभर पुरला.

मामा कामाला होते माश्यांच्या प्रयोगशाळेत. पिकलेल्या केळ्यांभोवती घिरट्या घालतात ना, त्या लाल डोळ्यांच्या, तिळाएवढ्या माश्या. मक्याचं पीठ, साखर आणि यीस्ट शिजवून त्यांना खायला घालायचं, बाटल्या धुवायच्या, कापसाचे बोळे बसवायचे, ही कामं बाकीचेही करत. मामांचं खास काम निवडण्याचं. गॅसनं गुंगवलेल्या माश्या पांढऱ्या चकतीवर ओतायच्या, मायक्रोस्कोपला डोळे लावायचे आणि कुंचल्याच्या टोकानं नर डावीकडे, माद्या उजवीकडे सारत जायचं. मादीचं पोट टोकदार आणि पट्ट्यापट्ट्यांचं. नराचं बूड गोल आणि काळं. शिवाय नराच्या पुढच्या दोन पायांवर काळ्या केसांचा एक एवढासा कंगवा असतो.

"बाकीचे पुरुष कंगवा खिशात ठेवतात," नव्याने आलेल्यांना मामा समजावत, "आमचे माशेराव पायावर ठेवतात. घरी विसरायला नको."

'माशेराव' हा शब्द मामांनीच काढलेला. व्याकरणाची वाट बघत बसण्यात अर्थ नाही हे ओळखून त्यांनी तो परस्पर चालू करून टाकला. प्रयोगशाळेच्या प्रमुख मॅडम भाषणात 'नर फळमाशी' असं म्हणत, पण घाईच्या वेळी त्यांच्याही तोंडून 'मामा, माशेरावांची बाटली द्या' असं निघून जाई. मामांना तेवढं पुरे होतं.

साठीला टेकले तरी मामांचं लग्न झालं नव्हतं. करायचं नाही असं काही त्यांनी ठरवलं नव्हतं, राहून गेलं. अक्का, म्हणजे त्यांची थोरली बहीण, नवरा गेल्यावर तान्ही मुलगी घेऊन त्यांच्याकडे आली. भाचीचं दूध, भाचीची शाळा, भाचीचं लग्न असं करता करता मामांच्या डोक्यावरचे केस गेले आणि मग त्या विषयाला कोणी हात लावेना. आता भाची दूरच्या शहरात होती, तिला दिवस गेले होते आणि आईनं कायमचं आपल्याकडे यावं म्हणून ती मागे लागली होती. अक्काचा जीवही तिकडेच ओढत होता. पण भावाला एकटं टाकून जायला ती तयार नव्हती.

"मी गेले की तू त्या माश्यांच्या पातेल्यातलंच ओरपून येशील," ती म्हणे. आणि खरं सांगायचं तर मामांनी ते एकदोनदा चाखून पाहिलेलं होतं.

अक्काच्या नजरेतून एक गोष्ट मात्र सुटली नव्हती. गल्लीच्या तोंडाशी टेलरबाईंचं दुकान होतं. दुकान म्हणजे जिन्याखालची जागा. एक शिलाई मशीन, एक बिनडोक्याचा पुतळा आणि चिंध्यांचं पोतं ठेवलं की गिऱ्हाइकाला बाहेर पायरीवर उभं राहावं लागे. टेलरबाई पन्नाशी ओलांडलेल्या, विधवा, मुलंबाळं नाहीत. नवऱ्यामागे बरीच वर्षं त्यांनी ते दुकान एकटीच्या जिवावर चालवलं होतं आणि कोणाच्या मिंध्या राहिल्या नव्हत्या. बोलताना त्यांच्या तोंडात टाचण्या असत, त्यामुळे त्या थोडं बोलत आणि नेमकं बोलत. आणि मामांच्या एका करड्या पँटची कंबर वर्षभरात कितीदा तरी आत घेतली गेली होती आणि तितक्याच वेळा बाहेर सोडली गेली होती. मामा ना जाड झाले होते, ना बारीक.

"ती पँट आता फाटेल," एके दिवशी अक्का म्हणाली. "तू विचारतोस की मी विचारू?"

मामा ऐकलं न ऐकलंसं करून खिडकीतून बाहेर बघू लागले. तेव्हा अक्कानंच चपला पायात घातल्या. अर्ध्या तासानं परत आली ती चेहऱ्यावर विजय घेऊन.

"नाही म्हणाली नाही," तिनं सांगितलं. "म्हणाली, त्यांनी स्वतः येऊन विचारावं. निरोपानं पँट येते, नवरा नाही. आणि एक सांगू का? सगळी गल्ली तुला मामा म्हणते, ती म्हणत नाही. तू कधी लक्ष दिलंयस?"

मामांनी दिलं होतं. 'तुमची पँट झालीय' याच्या पुढेमागे टेलरबाई काहीही लावत नसत, आणि ती मोकळी सोडलेली जागा मामा घरापर्यंत मनात घोळवत येत.

आता कुणालाही वाटेल की घोडं गंगेत न्हालं. पण ते अडलं, आणि अडलं ते माश्यांपाशी.

मॅडमचा प्रयोग होता नर आणि मादी यांच्या आयुष्याचा. कोण जास्त जगतं, किती, आणि का. मामांच्या ताब्यात एक उबदार कपाट होतं आणि त्यात तीन फळ्या. वरच्या फळीवर माद्या, प्रत्येक नळीत एक, जन्मापासून एकटी. त्या कुमारिका. मधल्या फळीवर तसेच एकेकटे माशेराव. ते सडे. खालच्या फळीवर नर-माद्या एकत्र. ती संसारी फळी. ही नावं अर्थातच मामांची. प्रयोगाची पहिली खेप पुरी होत आली होती आणि एक गोष्ट मामांच्या समोर रोज सकाळी उताणी पडलेली असे. संसारी फळीवरच्या माद्या आधी जात. कुमारिका मात्र आपल्या खात, चढत, उतरत, सावकाश म्हाताऱ्या होत.

का जात, तेही मामा बघत होते. माशेराव माणसासारखे गप्प बसत नाहीत. मादी दिसली की हे तिच्या मागे. एक पंख बाहेर काढून थरथरवायचा, त्याचं गाणं करायचं, तिला पायानं टोचायचं, तिनं लाथ मारली की दोन पावलं मागे सरायचं आणि पुन्हा पंख थरथरवायचा. बिचारीला ना धड खाऊ देत, ना बसू देत. पुढचा संसार आणि अंडी वेगळीच. ते बघताना मामांना हटकून ती करडी पँट आठवे. कंबर आत, कंबर बाहेर. पंख थरथरवणं म्हणजे दुसरं काय असतं?

माणूस वेगळा आणि माशी वेगळी, हे मामांना कळत नव्हतं असं समजू नका. मॅडम हेच वाक्य प्रत्येक भाषणाच्या शेवटी म्हणत आणि मामा मागच्या खुर्चीवर बसून मान डोलवत. पण रोज चिमट्यानं त्या मेलेल्या बायका उचलणाऱ्याला असली वाक्यं फारशी उपयोगी पडत नाहीत. टेलरबाई एकट्या होत्या, ठणठणीत होत्या, सुईत दोरा चष्म्याशिवाय ओवत होत्या. उद्या आपण जाऊन 'माझ्याशी लग्न करा' म्हणायचं, म्हणजे वरच्या फळीवरची धडधाकट नळी उचलून खालच्या फळीवर ठेवायची. मामांना टेलरबाई हव्या होत्या, अगदी मनापासून हव्या होत्या, आणि म्हणूनच त्यांचे पाय दुकानाकडे वळेनात. कामावर जाताना ते मागच्या गल्लीतून वळसा घालून जाऊ लागले.

अक्कानं आधी समजावलं, मग रागावली, मग भांडी आपटू लागली. भाचीचे दिवस भरत चालले होते.

इकडे प्रयोगाची दुसरी खेप सुरू झाली होती आणि तिच्यात 'आजी' निघाली. वरच्या फळीच्या टोकाला असलेल्या नळीतली ही कुमारिका. तिच्याबरोबरच्या एकेक करून गेल्या, ही आपली हलत होती. मॅडम सकाळी आल्या आल्या आधी आजीला बघून जात. विद्यार्थी, शिपाई, सगळे येऊन नळीवर टिचकी मारून जात. गॅस दिला तर आयुष्यावर परिणाम होतो म्हणून एकदा नळीत गेलेल्या माशीला जिवंतपणी पुन्हा गुंगवायचं नाही असा तिथला कायदा होता. त्यामुळे आजी पहिल्या दिवसानंतर मायक्रोस्कोपखाली गेलीच नाही. नुसत्या डोळ्यांना ती थोडी काळपट दिसे, पण वयानं माणूससुद्धा काळवंडतो. आणि एकदा आजी म्हटल्यावर तिचं बूड निरखून बघणार कोण?

आजीकडे बघून मामांची खात्रीच पटली. एकटी राहिलेली बाई किती जगू शकते याचा हा पुरावा त्यांच्या हातात होता, कापसाच्या बोळ्यासकट. आणि मग त्यांच्या सरळ मनाला वाटलं की हे टेलरबाईंना न सांगता लपून बसणं बरं नाही. त्यांचं आयुष्य आहे, त्यांना माहीत असायला हवं.

म्हणून एका संध्याकाळी मामा दुकानाच्या पायरीवर जाऊन उभे राहिले. टेलरबाईंनी मशीन थांबवलं. इतक्या दिवसांनी आले म्हणजे विचारायलाच आले, असं त्यांना वाटलं असणार, कारण त्यांनी मांडीवरचं कापड बाजूला ठेवलं, तोंडातल्या टाचण्या काढल्या आणि पदरानं तोंड पुसलं. आणि मामांनी त्यांना तीन फळ्या समजावून सांगितल्या. नीट, सविस्तर, संसारी फळीवरच्या माद्यांचं काय होतं त्याच्यासकट. पंख थरथरवण्याचा भाग त्यांनी हाताच्या कोपरानं करून दाखवला. शेवटी आजीचं सांगितलं.

टेलरबाई ऐकत राहिल्या. मग म्हणाल्या, "म्हणजे नको म्हणताय."

"नको नाही म्हणत. धोका सांगतोय."

"लोक पगार सांगतात, घर सांगतात, फार तर मधुमेह सांगतात. तुम्ही माशी सांगताय."

"मला तेवढीच माहिती आहे," मामा म्हणाले. त्यात काही खोटं नव्हतं.

टेलरबाईंनी टाचण्या पुन्हा तोंडात घातल्या. आता बोलणं संपलं याची ती खूण होती. पण मशीन सुरू करण्याआधी दातांच्या फटीतून त्या एवढं म्हणाल्या, "आधी तुमच्या त्या आजीचं काय ते होऊ दे. मग बघू."

मामांनी हे शब्दशः घेतलं. मामा सगळंच शब्दशः घेत. घरी येऊन त्यांनी अक्काला सांगितलं की आजी आहे तोवर काही ठरत नाही. अक्कानं कपाळाला हात लावला आणि तो तसाच ठेवून, जिन्यात उभी राहून शेजारणीला सांगितलं, "आजी आहे तोवर हा हलायचा नाही, आणि आजी काही जायचं नाव घेत नाही." दुसऱ्या दिवशीपर्यंत गल्लीभर झालं की मामांना एक आजी आहे, फार म्हातारी आहे, आणि तिच्यापायी बिचाऱ्याचं लग्न अडलंय.

पुढच्या रविवारी मामा दाढी करायला न्हाव्याकडे गेले. न्हावी मुळातच हळवा माणूस.

"आजींची तब्येत कशी आहे?" त्यानं साबण फेसताना हलक्या आवाजात विचारलं.

आजीची कीर्ती इथवर आली याचा मामांना आनंद झाला. "बरी आहे. खाणं कमी झालंय."

"वयच झालं. घरीच असतात?"

"छे, छे. मॅडमच्या देखरेखीखाली. नळीत."

"नळ्या लावल्यात?" न्हाव्याचा चेहरा उतरला.

"पहिल्या दिवसापासून नळीतच आहे. ती नळी मी स्वतः बदलतो, दिवसाआड. दुसऱ्या कोणाला हात लावू देत नाही."

"धन्य आहे तुमची," न्हावी म्हणाला आणि त्यानं साबणाचा आणखी एक हात फिरवला. "हिंडणं-फिरणं?"

"पूर्वी भिंतीवर सरसर चढायची. आता निम्म्यात जाते आणि घसरते. उडणं तर कधीच बंद झालंय."

वस्तरा मामांच्या गालापाशी थबकला. न्हाव्यानं थोडा विचार केला आणि समजूतदारपणे मान हलवली. "होतं असं म्हातारपणी. आमच्या सासऱ्यांना आपण स्टेशनमास्तर आहोत असं वाटायचं. आपण हो ला हो म्हणायचं."

मामांना सासऱ्यांचा संदर्भ लागला नाही, पण गालावर वस्तरा असताना ते कधी प्रश्न विचारत नसत.

आणि मग एका सकाळी आजी गेली. नळीच्या तळाशी पाय पोटाशी घेऊन पडली होती. मामांनी टिचकी मारली, पुन्हा मारली, नळी हातात धरून जरा ऊब दिली, आणि मग मॅडमना हाक मारली. खोलीतले सगळे जमले. मॅडम पुढच्या महिन्यात कुठल्याशा मोठ्या सभेत आजीविषयी बोलणार होत्या, तिचा मोठा फोटो पडद्यावर दाखवणार होत्या. तेव्हा आधी फोटो काढावा म्हणून त्यांनी आजीला चकतीवर ठेवलं आणि मायक्रोस्कोपला डोळे लावले.

त्यांनी भिंग थोडं फिरवलं. पुन्हा थोडं फिरवलं.

"मामा," त्या म्हणाल्या, "कंगवा आहे."

"कुठे?"

"पायांवर. दोन्ही."

मामा पुढे झाले. मायक्रोस्कोपपुढचं स्टूल त्यांच्या बसण्यानं झिजलेलं, ती भिंगं त्यांच्या डोळ्यांच्या ओळखीची. आत आजी आडवी पडली होती, बूड गोल, काळं कुळकुळीत, आणि पुढच्या पायांवर दोन सुबक कंगवे. माशेराव! असले हजारो माशेराव मामांनी कुंचल्यानं डावीकडे सारले होते. हा एक उजवीकडे गेला होता, आणि सगळं आयुष्य माद्यांच्या फळीवर आजी म्हणून मिरवून आता शांतपणे पडला होता.

चूक कशी झाली ते मामांना लगेच उमगलं. नुकती बाहेर आलेली माशी, नर असो की मादी, पांढुरकी असते. बुडाचा काळा रंग चढायला वेळ लागतो. अशा कोवळ्या माशीचा कंगवाच बघायचा असतो, आणि तो बघायला डोकं ठिकाणावर लागतं. दुसऱ्या खेपेची निवड ज्या सकाळी झाली तिच्या आदल्याच दिवशी अक्का टेलरबाईंचा निरोप घेऊन आली होती. त्या सकाळी मामांसमोर चकती होती, हातात कुंचला होता, पण डोक्यात 'त्यांनी स्वतः येऊन विचारावं' एवढं एकच वाक्य फिरत होतं. अख्ख्या नोकरीत अशी चूक त्यांच्या हातून झाली नव्हती. त्यांचे कान तापले. खाली बघून त्यांनी उगाचच कुंचला साफ केला.

मॅडम रागावल्या असत्या तर बरं झालं असतं. त्या हसत सुटल्या. सभेतल्या भाषणाची वाट लागली होती तरी हसत होत्या.

"जाऊ द्या, मामा. एक मादी कमी झाली, एक नर वाढला. वरच्या फळीवरून मधल्या फळीवर घालू. पण एवढा जगलेला नर मी पाहिला नव्हता हं. एकटा होता म्हणून टिकला."

"नरांचंसुद्धा तसं असतं?"

"असतं की. दिवसभर मागे धावायचं, गायचं, लाथा खायच्या. त्यात त्यांचंही आयुष्य झिजतं. मधली फळी तुम्हीच सांभाळता ना? तुमचं आपलं लक्ष कायम खालच्या फळीवरच्या माद्यांकडे."

हे खरं होतं. संसारी फळीवर मेलेले माशेराव मामा उचलून टाकत आणि त्यांच्याबद्दल त्यांना कधी फारसं वाईट वाटलं नव्हतं.

संध्याकाळी कामावरून निघताना मामांच्या मनात लग्न नव्हतं. त्यांच्या मनात एवढंच होतं की आपण टेलरबाईंना खोटा पुरावा दिला. एका बाईला तिच्या आयुष्याबद्दल काहीतरी सांगितलं आणि ते चुकीचं निघालं, तर ते आजच्या आज जाऊन दुरुस्त केलं पाहिजे. वाटेत न्हाव्यानं दुकानातून त्यांना पाहिलं आणि ओले हात तसेच घेऊन तो बाहेर आला. मामांचं पडलेलं तोंड बघून त्यानं ताडलं.

"आजी गेल्या?"

"गेली सकाळी," मामा म्हणाले. "आणि गेल्यावर नीट बघितलं तर आजोबा निघाले."

न्हाव्यानं त्यांच्याकडे पाहिलं, मग आपल्या ओल्या हातांकडे पाहिलं, आणि दुःखात माणसाला एकटं सोडावं असं मनाशी ठरवून तो आत गेला.

टेलरबाई कोणाच्या तरी कोटाचं अस्तर उसवत बसल्या होत्या. मामा पायरीवर उभे राहिले.

"आजी गेली," ते म्हणाले.

टेलरबाईंचा हात थांबला. त्यांनी कात्री खाली ठेवली.

"पण ती आजी नव्हती. नर होता. मीच निवडताना चुकलो. तुम्हाला मी जे सांगितलं, एकटी बाई इतकी जगते म्हणून, ते त्या आजीपुरतं खोटं आहे. ते सांगायला आलो. बाकीच्या माद्यांचं मी बोललो ते तसंच आहे, पण मॅडम म्हणतात, संसारात नरांचंही आयुष्य घटतं. तो एकटा होता म्हणून एवढा जगला. आणि तसं एका माशीवरून काही ठरवायचं नसतं, हेही मॅडम म्हणतात."

एवढं सगळं ते एका दमात बोलले. टेलरबाईंनी तोंडातल्या टाचण्या एकेक करून काढल्या आणि मशीनच्या कडेला खोचून ठेवल्या. मामांनी त्यांना टाचण्यांशिवाय असं समोरासमोर फारसं पाहिलं नव्हतं.

"म्हणजे एकटा राहून जास्त जगला तो पुरुष."

"हो."

"मग लग्न करून तुमचंच आयुष्य कमी व्हायचं."

"होईल थोडंफार," मामा म्हणाले. "ते काही नाही. अक्काला महिनाअखेरीच्या आत निघायचंय, तर त्याआधी उरकून घेऊ. देवळातले गुरुजी सोमवारी अभिषेकात असतात, मंगळवारी मोकळे असतात. तुम्हाला मंगळवार चालेल का?"

बोलून झाल्यावर मामांच्या लक्षात आलं की आपण विचारलं. ते पायरीवरच गांगरून गेले. टेलरबाई त्यांच्याकडे टक लावून बघत होत्या.

"माझं आयुष्य कमी होईल म्हणून इतके दिवस तुम्ही मागच्या गल्लीतून जात होतात," त्या म्हणाल्या. "मला दिसायचं ते. वळणावर तुमची सावली पडते. आणि आता तुमचं कमी होणार म्हटल्यावर सोमवार-मंगळवार सांगताय?"

मामांनी विचार केला. हे असं आहे हे त्यांच्या ध्यानातच आलं नव्हतं. त्यांनी त्यात कुठे काही चूक आहे का ते शोधून पाहिलं, पण सापडली नाही.

"तसंच झालंय खरं," ते म्हणाले.

"मी समजत होते, तुम्ही भित्रे आहात."

"आहेच मी."

"आहात. पण स्वतःसाठी नाही."

कोटाच्या अस्तराचा एक तुकडा मांडीवर पडला होता, तोच उचलून टेलरबाईंनी डोळे पुसले. गिऱ्हाइकाचं कापड आहे हे मामांनी पाहिलं, पण ते काही बोलले नाहीत. पायरीवर एक बाई ब्लाउज घेऊन येऊन थांबली होती. तिला टेलरबाईंनी हातानंच उद्या यायला सांगितलं. ती गेल्यावर त्यांनी मशीनवर झाकण टाकलं, दिवेलागणीच्याही आधी, बऱ्याच वर्षांत पहिल्यांदा.

"मंगळवार चालेल," त्या म्हणाल्या.